विजेवर तापणारी खिडकीची काच: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमध्ये आमचं खिडक्या आणि काचकामाचं काम चालतं. थंडीचे चार दिवस आले की परदेशातल्या घरांचे व्हिडिओ फिरू लागतात आणि मग फोन, व्हॉट्सॲप सुरू होतं: "दादा, ती गरम होणारी काच आपल्याकडे मिळते का?" तेच ते प्रश्न एका जागी आणले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तापणारी काच म्हणजे नेमकं काय? काचेत तारा असतात का?

घराच्या खिडकीत तारा नसतात. काचेच्या एका बाजूवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, बहुतेक वेळा फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा. त्यातून आरपार दिसतं आणि वीजही वाहते. काचेच्या समोरासमोरच्या दोन कडांना चांदीची किंवा तांब्याची पट्टी असते, तिला बसबार म्हणतात. एका पट्टीतून दुसरीकडे वीज जाताना थराचा रोध तिला अडवतो आणि तिची उष्णता होते. इस्त्रीत किंवा गिझरमध्ये हेच होतं, फक्त इथे उष्णता सगळ्या काचेवर सारखी पसरते.

ही काच एकटी बसवत नाहीत. दोन काचांच्या मध्ये हवा किंवा आरगॉन वायू भरून कडा सीलबंद करतात. आमच्या धंद्यात त्याला डीजीयू म्हणतात. तापणारी काच खोलीकडची असते आणि थराची बाजू आतल्या पोकळीकडे. का, ते प्रश्न ५ आणि ७ मध्ये.

गाडीच्या मागच्या काचेवर ज्या आडव्या रेघा दिसतात, ते तत्त्व हेच. तिथे थराऐवजी चांदीमिश्रित रेघा छापलेल्या असतात.

२. आम्ही घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो. थंडीत वारा झोंबतो. ही काच बसवावी का?

नको. आमच्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण हिशेबच तसा आहे.

समजा जानेवारीतली पहाट आहे, बाहेर १६ अंश आणि खोलीत २२. साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साधारण ५.७ वॉट उष्णता बाहेर जाते. सहा अंशांचा फरक म्हणजे सुमारे ३४ वॉट. दोन चौरस मीटरची खिडकी धरली तर ६८ वॉट. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडत असतो. म्हणजे खिडकीतून जाते त्याहून जास्त ऊब खोलीत झोपलेले दोघं भरून काढतात.

येऊरच्या बाजूने येणारा वारा झोंबतो तो काचेतून येत नाही, स्लायडिंगच्या फटीतून येतो. शटर एकमेकांवर येतात तिथला ब्रश झिजलेला असतो, बेअरिंग बसलेलं असतं, लॉक पूर्ण लागत नाही. ब्रश आणि गॅस्केट बदला. काम एका दुपारचं आहे.

३. आईला संधिवात आहे, थंडीत गुडघे धरतात. तिच्या खोलीपुरती बसवली तर?

तिच्या खोलीपुरतीसुद्धा नको. थंडी आठवडा-दोन आठवड्यांची आणि काच कायमची. ऊब जिथे हवी तिथेच द्यावी: पलंग खिडकीपासून लांब सरकवा, फटी बंद करा (प्रश्न २), आणि लागलाच तर तेलाचा रेडिएटर हीटर ठेवा. तो हवा कोरडी-करपट करत नाही, त्यात उघडी तापलेली तार नसते आणि उन्हाळ्यात माळ्यावर जातो.

४. मग ही काच वापरतात तरी कुठे? आणि खोलीत हीटर असताना खिडकी का तापवायची?

फिनलंडसारख्या देशांत, जिथे बाहेर शून्याखाली पंधरा-वीस अंश असतं. तिथे घरातली सर्वांत थंड वस्तू म्हणजे काच. खोलीत २० अंश आणि बाहेर उणे १५ असेल, तर एकेरी काचेची आतली बाजू उणे सहाच्या आसपास जाते आणि खोलीतल्या हवेचा ओलावा तिच्यावर गोठतो. थंड काचेला लागून हवा जड होते आणि खाली उतरते, म्हणून खिडकी घट्ट बंद असूनही पायाशी वारा लागतो. शिवाय आपलं अंग त्या थंड काचेकडे उष्णता फेकत राहतं. खोली २० अंशांवर असली तरी खिडकीशेजारी बसलेल्याला हुडहुडी भरते ती यामुळे. जुन्या रिवाजाने म्हणूनच रेडिएटर खिडकीखाली लावतात. काच जमिनीपासून छतापर्यंत असली की त्याला जागाच उरत नाही, आणि तिथे तापणाऱ्या काचेचा खरा उपयोग होतो.

पण एक लक्षात घ्या. त्याच थंडीत चांगली लो-ई (उष्णतेचे किरण परतवणारा थर दिलेली) डीजीयू बसवली तर आतली बाजू, काहीही न तापवता, १५ अंशांच्या आसपास राहते. निम्म्याहून अधिक काम तिथेच झालं.

घराबाहेरची उदाहरणं आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. मॉलमधल्या फ्रोझन मालाच्या उभ्या फ्रीजरचं दार बऱ्याचदा तापणाऱ्या काचेचं असतं; नाहीतर आपल्या दमट हवेत ते सतत धुरकट राहिलं असतं आणि आतले मटार दिसलेच नसते. उलव्याच्या विमानतळावरून उडणाऱ्या जेटच्या कॉकपिटची पुढची काचही तापवलेली असते: बर्फ आणि धुकं धरू नये म्हणून, आणि काचेमधला प्लास्टिकचा थर उबेने लवचीक राहिला की पक्ष्याची धडक जास्त चांगली सोसतो म्हणूनही. खाडीतले फ्लेमिंगो पाहता हे कलम आपल्याकडे महत्त्वाचं.

५. वीज किती लागते? सगळी ऊब आतच येते का?

नुसतं धुकं घालवायचं असेल तर दर चौरस मीटरला ५० ते १०० वॉट पुरतात. खोली गरम करायची तर १०० ते ३००. बाहेरच्या बाजूचा बर्फ वितळवायचा तर याहूनही जास्त.

सगळी ऊब आत येत नाही. मनालीची शून्य अंशांची रात्र धरा. खोलीत २० अंश आहेत आणि काच ४० अंशांवर ठेवली आहे. दर चौरस मीटरला सुमारे १६० वॉट खोलीत येतात आणि चांगल्या लो-ई डीजीयूमधूनही सुमारे ५० वॉट बाहेर जातात. चार युनिटमागे एक युनिट डोंगराला. न तापवलेल्या त्याच काचेतून २२ वॉटच गेले असते, कारण काच जितकी गरम तितकी बाहेरची गळती जास्त.

हीच काच एकेरी बसवली तर? बाहेर जाणारी उष्णता ८०० वॉटच्या वर जाते. म्हणून एकेरी तापणारी काच घराच्या बाह्य खिडकीला कोणी देऊ लागला, तर घेऊ नका.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. वीज वाहून नेणारा थरच उष्णतेचे लांब लहरींचे किरण परतवतो. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे शोषून पुन्हा फेकते, तिचा उत्सर्जनांक ०.८४, टिन ऑक्साइडच्या थराचा सुमारे ०.१५. म्हणून पोकळीकडे तोंड केलेला थर स्वतः तापतो आणि आपली ऊब बाहेरच्या काचेकडे फारशी जाऊही देत नाही.

६. हॉट-अँड-कोल्ड एसीपेक्षा बिल कमी येईल का?

नाही. काचेत एका युनिट विजेची एकच युनिट उष्णता होते, त्यातलीही थोडी बाहेर जाते. हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, त्यामुळे सौम्य थंडीत एका युनिटमागे तीनेक युनिट उष्णता मिळते. "या काचेने बिल अर्ध्यावर येतं" असं कुठे वाचलं असेल, तर कशाच्या तुलनेत ते आधी विचारा.

काचेची बाजू एवढीच: आवाज नाही, वाऱ्याचा झोत नाही, भिंतीवर डबा नाही. ज्याला हे हवं त्याने घ्यावी, पण बचत म्हणून घेऊ नये.

७. मुलं हात लावतात. चटका, शॉक? आणि काच फुटली तर?

खोली गरम करणारी काच साधारण ४० ते ४५ अंशांवर ठेवतात. हात लावला तर गरम लागते, भाजत नाही. वीज वाहणारा थर सीलबंद पोकळीकडे किंवा दोन काचांच्या सँडविचमध्ये असतो, त्याला बोट पोहोचत नाही. पाऊस बाहेरच्या काचेवर पडतो, तो थराला शिवतही नाही.

तापणारी काच टफन केलेलीच असावी लागते. साध्या काचेचा मध्य आणि कड यांत चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी तडा जाऊ शकतो. टफन काच दोनशेच्या आसपास सोसते. ती फुटली तर बारीक गोट्या होतात आणि थर तुटल्यामुळे वीज वाहणं थांबतं. तरीही वेगळा एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग यांत तडजोड नको. जुन्या इमारतींत अर्थिंगची पट्टी फक्त दाखवायला असते. आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

"रेडिएशन"ची भीती बरेच जण विचारतात. उन्हात तापलेली भिंत संध्याकाळी जे किरण फेकते, तेच हे.

८. आमच्या स्लायडिंगच्या ट्रॅकमध्येच बसेल का? किंवा जुन्या काचेवर चिकटवायची फिल्म मिळते का?

साध्या टू-ट्रॅकच्या शटरमध्ये डीजीयूची जाडी मावत नाही, वजन बेअरिंगला झेपत नाही आणि सरकत्या शटरपर्यंत वायर नेणं ही वेगळीच डोकेदुखी. तापणारी काच फिक्स खिडकीत किंवा बिजागरीच्या शटरमध्ये बसते. बिजागरीजवळून लवचीक केबल नेता येते. माप एकदाच आणि अचूक घ्यावं लागतं, कारण टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. गुण्यात (काटकोनात) नसलेलं ओपनिंग आपल्याकडे नेहमीचंच, तेव्हा वर-मध्ये-खाली आणि दोन्ही कर्ण मोजा.

फिल्म जुन्या साध्या काचेवर लावू नका. कारणं वर आलीच: गळती (प्रश्न ५) आणि तडा (प्रश्न ७).

९. पावसाळ्यात बेडरूमच्या काचेवर धुकं धरतं, पाणी ओघळतं. तापणारी काच लावली तर थांबेल ना?

थांबेल, पण तुम्ही एकीकडे एसीचं बिल भराल आणि दुसरीकडे हीटरचं. आधी बोट लावून बघा, ओल कुठल्या बाजूला आहे.

बोटाने पुसली जात नाही आणि खिडकी उघडल्यावर बाहेरून पुसली जाते? मग दोष एसीच्या तापमानाचा. जुलैत ठाण्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही साधी गोष्ट आहे. अशा हवेतून २५ अंशांना पाणी सुटायला लागतं. एसी १८ वर आणि त्याचा झोत थेट काचेवर, म्हणजे काच २५ च्या खाली गेलीच. नेरूळ-सीवूड्सला खाडीकडच्या फ्लॅटांत हे जास्त विचारतात. झोत वळवा, एसी २५-२६ वर ठेवा. २०२० पासून नव्या एसीचं सुरुवातीचं तापमान २४ ठेवण्याचा केंद्राचा नियम आहे. आपण रिमोट हातात आला की ते खाली आणतो, हा भाग वेगळा.

आतून पुसली जाते? मग ओलावा घरातला: खोलीत वाळत घातलेले कपडे, कुकरची वाफ, बंद खिडक्या. एग्झॉस्ट लावा. बेसुमार ओल असेल तर डीह्युमिडिफायर.

दोन्ही बाजूंनी पुसूनही जात नाही? तर तुमची डीजीयू आहे, तिचं सील गेलं आहे आणि बाष्प पोकळीत शिरलं आहे. ते काच तापवून बरं होत नाही. युनिट बदलावं लागतं. वॉरंटीचा कागद शोधा.

१०. बाथरूमच्या आरशावरचं धुकं?

आरशाच्या पाठीमागे चिकटवायचं तापणारं पॅड मिळतं. तोंडाएवढ्या भागापुरतं घेतलं तर तीसेक वॉट. लाइटच्या बटणालाच जोडायचं. या सगळ्या यादीत ठाण्यासाठी मी बिनधास्त सुचवीन अशी ही एकच वस्तू.

११. आमची खिडकी पश्चिमेची. मे महिन्यात काचेला हात लागत नाही. उलट, थंड करणारी काच नसते का?

तुमच्याकडे तापणारी खिडकी आहेच, तीही फुकट. दुपारी तीन-चारच्या उन्हात पश्चिमेच्या एका चौरस मीटरवर ५०० वॉटच्या वर ऊन पडतं. प्रश्न ५ मधली खोली गरम करणारी सर्वांत दणकट काच ३०० देते.

वीज लावून थंड होणारी खिडकीची काच बाजारात नाही. ऊन अडवणारी काच आहे. तिच्या कागदावर एसएचजीसी हा आकडा बघा: पडलेल्या उन्हातला किती हिस्सा आत येतो तो. साध्या सहा मिलिमीटर काचेचा ०.८ च्या वर. चांगल्या सोलर कंट्रोल काचेचा ०.३ च्या खाली. साधी डीजीयू ऊन फारसं अडवत नाही, ०.७ च्या आसपास येते. "डबल ग्लास लावला, तरी खोली तापतेच" ही तक्रार त्यातूनच येते. घरांच्या बाह्य भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये आहे, ती वाचली की काचेपेक्षा सावलीचं महत्त्व कळतं.

सावली बाहेरून हवी. पडदा आत असेल तर ऊन खोलीत शिरून मग पडद्यावर पडतं. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. ग्रिलच्या आतल्या बाजूने, पण काचेबाहेर सोडलेली बांबूची चिक त्याहून बरी.

आणि साध्या काचेला गडद काळी फिल्म लावताना जपून. मधला भाग तापतो, फ्रेममध्ये दबलेली कड गार राहते आणि एका दुपारी तडा जातो. असा तडा ओळखता येतो: कडेपासून काटकोनात निघतो, मग वळतो. काचेला आतून थर्माकोल किंवा पुठ्ठा चिकटवणाऱ्यांचंही तेच होतं.

१२. टोरंटोचा भाऊ म्हणतो "डोळे मिटून लो-ई घे". घेऊ?

डोळे उघडून घ्या. लो-ई दोन प्रकारच्या असतात. थंड देशातली ऊन आत येऊ देते आणि खोलीतली ऊब धरून ठेवते. प्रश्न १ मधल्या टिन ऑक्साइडच्या थराची काच याच जातीची. ती खारघरच्या पश्चिमेच्या हॉलला लावली तर पैसे देऊन भट्टी विकत घेतल्यासारखं होईल. आपल्याला सोलर कंट्रोल लो-ई हवी. नुसतं नाव विचारू नका, एसएचजीसी लेखी मागा (प्रश्न ११).

१३. बटण दाबलं की दुधी होणारी काच ती हीच का?

नाही. ती पीडीएलसी, लोक तिला स्मार्ट ग्लास म्हणतात. वीज चालू असताना ती पारदर्शक असते आणि बंद केली की दुधी होते. ती तापत नाही आणि वीज अगदी थोडी घेते. लाइट गेली तर आडोसा आपोआप होतो, म्हणून बाथरूमच्या पार्टिशनला लोक लावतात.

१४. अशा काचेने मोबाइलची रेंज जाते असं ऐकलं. खरं?

बरंचसं खरं. वीज वाहणारा थर रेडिओ लहरीही परतवतो, मग तो तापणाऱ्या काचेचा असो की सोलर कंट्रोलचा. चारी बाजूंनी अशी काच आणि वर काँक्रीट असेल तर आतल्या खोलीत फोन तुटक होतो. एखादी खिडकी साध्या काचेची ठेवा किंवा वाय-फाय कॉलिंग सुरू करा. खिडकीत वाय-फायचा राउटर ठेवून गच्चीवर सिग्नल नेणारेही असतात. तो बेत फसेल.

१५. सोसायटीची परवानगी लागते का?

बाहेरून दिसणारी फ्रेम किंवा काचेचा रंग बदलणार असाल तर एनओसी घ्याच. मंजूर वीजभार वाढत असेल तर महावितरणकडे वेगळा अर्ज.

१६. महाबळेश्वरला आमचा बंगला आहे. तिथे तरी चालेल ना?

इथे उत्तर "बघू" असं आहे. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, थंडी खरीच असते. पण शुक्रवारी रात्री पोहोचून रविवारी निघणाऱ्यांना ही काच उपयोगी पडत नाही. भिंती, फरशी आठवडाभर गारठलेल्या असतात; काच त्यांना गरम करेपर्यंत तुम्ही वाईला उतरलेले असता. अशा घराला साधी डीजीयू, घट्ट गॅस्केटची फ्रेम आणि हॉट-अँड-कोल्ड एसी पुरे.

कायम राहणारे असाल आणि दरीकडे मोठी फिक्स काच असेल, तर त्या एका काचेपुरतं ठीक आहे. सहा चौरस मीटरला दीडशे वॉटप्रमाणे ९०० वॉट होतात. रोज आठ तास म्हणजे ७.२ युनिट. घाटावर लाइट जाते, आणि १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी एवढा भार दीड तासही धड ओढणार नाही. तेव्हा इन्व्हर्टरवर ही काच जोडू नका, दिवे-पंखे ठेवा.

१७. लेहला होमस्टे बांधतोय. डीजीयू ठाण्यात बनवून ट्रकने नेली तर चालेल?

जशीच्या तशी नेली तर फुगून फुटण्याचा धोका आहे, मग ती तापणारी असो की साधी. वागळे इस्टेटमध्ये सील केलेल्या पोकळीत समुद्रसपाटीच्या दाबाची हवा अडकते. लेह साधारण ३,५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब जवळजवळ एकतृतीयांशाने कमी. आतली हवा दोन्ही काचांना बाहेर ढकलते. मनालीमार्गे नेली तर वाटेत तांगलांग ला पाच हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे काच मुक्कामाआधी त्याहून कठीण परीक्षेला बसते. छोटे, जाड युनिट जास्त धोक्यात, कारण मोठी काच थोडी वाकून दाब सोडते, छोटी वाकत नाही.

उपाय म्हणजे स्पेसरमध्ये (दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीत) केसासारखी बारीक केशनळी ठेवून युनिट बनवून घेणं, म्हणजे चढताना दाब आपोआप सारखा होतो. पोहोचल्यावर नळीचं तोंड बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे बंद करायचं. नळी असेल तर आरगॉनचे पैसे देऊ नका, तो वाटेत निघून जातो.

आणि तापणारी काच सांगण्याआधी लेहजवळच्या फे गावातलं सेकमोल या पर्यायी शाळेचं आवार बघून या. दक्षिणेकडे मोठ्या काचा, मागे मातीच्या जाड भिंती, दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत साठवायचं, अशी ती घरं आहेत. लेहला हिवाळ्यात ऊन भरपूर असतं. दक्षिणेच्या खोल्या तशा बांधा, आणि तापणारी काच लागलीच तर उत्तरेच्या एखाद्या खिडकीपुरती सांगा. ऑर्डर देताना "किती उंचीवर बसणार" हे कागदावर लिहून घ्या. कारखाना ते विचारत नाही.